ॲम्बॅसडर मार्क ३ चा एक्झॉस्ट नव्याने करायचा आहे, पाइप किती इंची घ्यावा?

अंबाझरीकर
मंडळी, आमच्याकडे १९७६ ची ॲम्बॅसडर आहे, मार्क ३. मूळचंच १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, सोलेक्स कंपनीचा एकच कार्बोरेटर. रिंगा-बेअरिंगचं काम झालेलं आहे, चारही सिलिंडरला कॉम्प्रेशन सारखं येतं, इंजिनाबद्दल तक्रार नाही. सायलेन्सर मात्र शिवणीवरून सडला आहे. पत्रे मारमारून आता वेल्डिंग धरायला धड जागा उरलेली नाही. घरचे पाच जण घेऊन नागपूरच्या वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दमते, आणि रेस सोडली की मागून फटफट ऐकू येतं.

घाट रोडवरचे आमचे मिस्त्री म्हणतात, सगळं काढून टाका, मॅनिफोल्डपासून (इंजिनाचा धूर गोळा करणारा बिडाचा भाग) मागेपर्यंत दोन इंची सरळ पाइप टाकू, शेवटी फ्री-फ्लोचं, म्हणजे आत अडथळा नसलेलं, डबडं लावू, पिकअपही वाढेल आणि आवाजही भरदार येईल. त्यांचा हात चांगला आहे, पण या सल्ल्याला माझं मन धजत नाही. मला इंजिनाचा श्वास मोकळा हवा आहे. आवाज खोल आणि गोल असावा, पण आत बसलेल्यांना एकमेकांशी बोलता यावं आणि पहाटे गाडी काढली तर गल्लीत कुणाची झोप मोडू नये. गाडीला ५० वर्षं होत आलीत, त्यामुळे व्हिंटेज नोंदणीचाही विचार आहे.

पाइप किती इंची, मॅनिफोल्ड बदलावा का, एमएस (साधं पोलाद) की स्टेनलेस, सायलेन्सर कोणत्या जातीचा? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी जरूर लिहा.

काटोल_रोड
भाऊ, मिस्त्री बरोबर सांगून राहिला. माह्या ॲम्बीले दोन इंचीच हाय, मागं एकच डबडं. हायवेले अशी पळते का विचारू नका. बारीक पाइपात इंजिन गुदमरते. मोठा टाका न् मोकळे व्हा.

ओव्हरहेड_व्हॉल्व्ह
अंबाझरीकर, पाइप घेण्याआधी बॉनेट उघडा आणि इंजिनाची मॅनिफोल्डकडची बाजू नीट पाहा. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज इंजिन, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातून हिंदुस्थान मोटर्सकडे आलेलं. १९५५ मध्ये आलेल्या एमजी कंपनीच्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, फक्त एसयू कंपनीच्या दोन कार्बोरेटरांसह. त्यामुळे या इंजिनाच्या एक्झॉस्टवर जगभर भरपूर काम झालेलं आहे आणि आपल्याला अंधारात चाचपडायची गरज नाही.

या हेडला (सिलिंडरांवरचा भाग) इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत जाण्याची वाट, आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. सिलिंडर चार, पण एक्झॉस्टचे पोर्ट (तोंडं) तीनच. १ चा स्वतंत्र, ४ चा स्वतंत्र, आणि २ व ३ चा मधला सामाईक. इनटेकचे तर दोनच. आता फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम पाहा: १-३-४-२. क्रँकच्या ७२० अंशांत चार ठोके, दर १८० अंशांनी एक. ३ आणि २ यांच्यात बरोबर ३६० अंश पडतात, म्हणून सामाईक पोर्ट असूनही ते दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. १ आणि ४ यांचंही तेच. अडचण होते ती १ नंतर लगेच ३, आणि ४ नंतर लगेच २ येतात तिथे. १ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पुरता बसलेला नसतो आणि ३ चा जोरदार ठोका मॅनिफोल्डमध्ये येऊन आदळतो. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये तिन्ही वाटा हेडपासून हातभर अंतरावरसुद्धा नाही, लगेच एकत्र येतात. म्हणून एमजीवाले हेडर (बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी पाइप जोडून केलेला मॅनिफोल्ड) करताना १ आणि ४ आधी एकमेकांत मिळवतात, मधली शाखा लांब ठेवतात आणि तिला खाली नेऊन जोडतात. त्या हेडरला ‘लाँग सेंटर ब्रँच’ म्हणतात.

एवढं सांगून माझं मत मात्र असं की तुमच्या गाडीला हेडर करू नका. कारणं सांगतो.

तुमच्या गाडीत इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसवलेला आहे. मध्ये जो गरम भाग येतो त्याला हॉट स्पॉट म्हणतात, आणि त्यामुळे पेट्रोलची वाफ नीट होते. हेडर लावला की हॉट स्पॉट गेला. डिसेंबरात नागपूरला सकाळी कडाक्याची थंडी असते, तेव्हा गाडी पहिले दोन-तीन किलोमीटर खोकत चालेल. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोघंही त्याच स्टडवर, एकाच जाड वॉशरखाली आवळलेले असतात. हेडरची फ्लँज (जोडाची सपाट पट्टी) इनटेकच्या फ्लँजपेक्षा अर्धा मिलीमीटर जरी जाड-पातळ झाली तरी वॉशर तिरपा बसतो, एक बाजू आवळते आणि दुसरी गळते. स्थानिक वेल्डरकडून केलेले हेडर नेमके इथेच मार खातात. आणि एवढं करून एका सोलेक्सवर, मूळ कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) मिळणार काय? वरच्या आरपीएमला थोडंसं. तुम्हाला तर जोर हवाय उड्डाणपुलावर, तिसऱ्या गिअरमध्ये.

बिडाचा मॅनिफोल्ड ठेवा. तो काढून आतला कार्बन खरवडा, नवीन गॅस्केट हेडवर धरून पोर्टच्या कडा जुळतात का पाहा, मॅनिफोल्डची कड आत डोकावत असेल तेवढीच ग्राइंडरने घ्या. फ्लँज सपाट आहे का ते काचेवर ठेवून तपासा. वाकलेली असेल तर लेथवर किंवा सरफेस ग्राइंडरवर एक हलका कट. इथे जे मोकळं होईल ते फुकटात मिळालेलं असेल.

अंबाझरीकर
@ओव्हरहेड_व्हॉल्व्ह, फार आभारी आहे. पोर्ट तीनच आहेत हे रोज पाहत होतो, पण त्याचा फायरिंग ऑर्डरशी संबंध कधी लक्षात आला नव्हता. मग पाइपाचा व्यास? काटोल_रोड भाऊंची गाडी दोन इंचीवर चांगली चालते म्हणतात.

ओव्हरहेड_व्हॉल्व्ह
काटोल_रोड भाऊ, तुमच्या गाडीत इंजिन कोणतं?

काटोल_रोड
इसुझू. १८०० आयएसझेड हाय, पाच गिअरची.

ओव्हरहेड_व्हॉल्व्ह
मग तुमचं बरोबरच आहे. १८१७ सीसी, चारही सिलिंडरांचे वेगळे पोर्ट, आणि जास्त आरपीएमवर आनंदाने फिरणारं इंजिन. त्याला दोन इंची शोभतो. अंबाझरीकरांच्या इंजिनाला शोभणार नाही.

ढोबळ गणित मांडतो. १४८९ सीसी, ४००० आरपीएम. दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर भरतात, आणि भरणं साधारण ७५ टक्के धरलं तर सेकंदाला अंदाजे ३७ लिटर हवा आत जाते. एक्झॉस्टच्या तापमानाला तीच फुगून सव्वादोन-अडीच पट होते, म्हणजे ८५-९० लिटर. पावणेदोन इंची, १६ गेजचा (गेज म्हणजे पत्र्याची जाडी) पाइप आतून ४१ मिलीमीटर भरतो. त्यातून हा वायू सेकंदाला साधारण ६५ मीटर वेगाने जाईल. दोन इंचीतून ५० च्या आतबाहेर. शहरात आपण गाडी चालवतो १८०० ते २५०० मध्ये, तिथे हे आकडे निम्म्यावर येतात. म्हणजे पावणेदोन इंचीतसुद्धा वायू कुठे कोंडत नाही.

‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर (धुराच्या वाटेतला अडथळा) लागतं’ असं बरेच मिस्त्री सांगतात. बॅक प्रेशर कोणत्याही इंजिनाला नकोच असतं. लागतो तो वेग. वेगाने सुटलेला वायूचा लोंढा आपल्यामागे पोकळी सोडतो, आणि ती पोकळी सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून नेते. चुलीची फुंकणी बारीक असते म्हणूनच निखाऱ्यावर जोर पडतो, तिथे दोन इंची पाइप घेऊन फुंका, काही होणार नाही. पाइप अवास्तव मोठा केला की खालच्या आरपीएमला हा ओढा मरतो, आणि लोक म्हणतात ‘बॅक प्रेशर गेलं’.

मूळ पाइप कॅलिपरने मोजा. दीड इंचीच्या आसपास असेल तर पावणेदोन इंची करा, क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाने वाढतं. त्यापुढे जाऊ नका.

लेथवाला_हिंगणा
मी हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, जुन्या गाड्यांचे पाइप अधूनमधून येतात. व्यासाबद्दल वर लिहिलं ते बरोबर, पण बेंडकडे कुणी पाहत नाही म्हणून लिहितो.

बाजारात पाइप वाकवतात ते प्रेसवर. बेंडच्या आतल्या अंगाला पाइप चपटा होतो. पावणेदोन इंचीचा तिथे सव्वा इंचाबाहेर काही राहत नाही, म्हणजे पैसे मोठ्या पाइपाचे दिले आणि वाट लहान पाइपाची मिळाली. मॅन्ड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेले) मिळाले तर उत्तम. तयार ९० आणि ४५ अंशांचे एल्बो मिळतात, ते कापून जोडता येतात. नाहीतर जुनी रीत: पाइपाचं एक तोंड लाकडी गुल्ली मारून बंद करायचं, कोरडी चाळलेली रेती ठासून भरायची, दुसरं तोंड बंद करायचं, गॅसच्या ज्योतीवर लाल करत हळूहळू वाकवायचा. रेती अगदी कोरडी पाहिजे. ओली राहिली तर वाफ कोंडून गुल्ली गोळीसारखी उडते. या रीतीने वाकवलेल्या पाइपात गोलाई टिकते, आणि बेंडच्या आतल्या अंगाला हात फिरवला तर सुरकुती लागत नाही.

एमएस की स्टेनलेस? इतवारीच्या बाजारात ‘३०४’ जातीचं स्टेनलेस सांगून २०२ गळ्यात मारतात, आणि लोहचुंबकाने दोन्ही सारखेच वाटतात. दुकानात तपासणीच्या द्रावाचा थेंब टाकून घ्या, रंग बदलतो त्यावरून कळतं. गाडीच्या कंपन्या एक्झॉस्टला बहुधा ४०९ वापरतात, त्याला लोहचुंबक लागतं, म्हणून ‘चुंबक लागलं म्हणजे नकली’ असंही नाही. ३०४ तापल्यावर एमएसपेक्षा जास्त वाढतं. अडीच मीटर पाइप २०० अंशांनी तापला तर आठ-साडेआठ मिलीमीटर लांब होतो. त्याला कडक पट्टीने चॅसिसला बांधून ठेवलं तर तडा जातो, आणि तो नेमका वेल्डच्या कडेला जातो. हँगर रबराचेच पाहिजेत.

आणि एक, गाडी जॅकवर लटकवून पाइप बसवू नका. मागचा ॲक्सल खाली लोंबतो, तेव्हा वरून जाणाऱ्या पाइपाला भरपूर जागा दिसते. गाडी चाकांवर उभी केली, मागे तिघं बसले, आणि खड्डा आला की ॲक्सल पाइपावर आपटतो. रॅम्पवर किंवा खड्ड्यावर, चाकांवर उभ्या गाडीतच मापं घ्यायची. मी आधी आठ एमएमच्या सळईचं वळण करून घेतो. सळई गाडीखाली बसली की तीच नमुना म्हणून बेंचवर ठेवायची आणि पाइप तिच्याबरहुकूम करायचा.

धंतोलीची_पद्मिनी
माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, पण आवाजाचा प्रश्न चार सिलिंडरांच्या सगळ्या गाड्यांना सारखाच आहे, म्हणून लिहितेय.

‘भरदार आवाज’ गॅरेजसमोर उभं राहून ऐकायला छान वाटतो. तोच अमरावतीपर्यंत तीन तास ऐकला की डोकं भणभणतं. याला ड्रोन म्हणतात. चार सिलिंडरांचं इंजिन एका फेरीत दोन ठोके देतं, म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके, ८० हर्ट्झ. नेमक्या त्याच भागात बंद केबिन घुमायला लागते. आवाजाचा मीटर फारसा वर जात नाही, पण कानात दडे बसतात, मागे बसलेली मुलं चिडचिड करतात. गाडी ज्या वेगावर सर्वांत जास्त चालते तिथेच ड्रोन नको, हे पहिलं सांगणं.

सायलेन्सर दोन तऱ्हांचे. एकात आडवे पडदे आणि कप्पे असतात, आवाजाच्या लाटा आतल्या आत उलटवून मारतात. यात वाट वळणाची, म्हणून थोडा अडथळा. दुसऱ्यात छिद्रांचा सरळ पाइप आणि त्याभोवती काचेची लोकर. यात वाट सरळ, अडथळा जवळपास नाही, आणि लोकर मुख्यतः वरच्या पट्टीतला कर्कशपणा खाते. खालची घुमघुम तिच्याने फारशी थांबत नाही. म्हणून नुसतं एक काचलोकरीचं डबडं लावलं की आवाज मोठा आणि ड्रोनसकट.

माझ्या गाडीला मी दोन्ही लावले. पुढे, मूळ सायलेन्सरच्या जागी, कप्प्यांचा मोठ्या पोटाचा. मागे ॲक्सलनंतर छोटा सरळ छिद्रांचा. पुढच्याने घुमघुम मारली, मागच्याने धार काढली. पोट जितकं मोठं तितकं बरं, इथे कंजुसी करू नये. आवाज आता आतून जवळजवळ ऐकू येत नाही, बाहेर उभं राहिलं की खर्जातला ऐकू येतो. टेल पाइप बंपरच्या थोडा बाहेर असू द्या, नाहीतर धूर डिकीच्या रबरातून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिवाळ्यात काचा बंद असतात.

काचेच्या लोकरीबद्दल आणखी थोडं. स्वस्त डबड्यांत ती सैल भरलेली असते आणि वर्षभरात छिद्रांतून उडून जाते, मग आत नुसतं रिकामं डबडं उरतं आणि आवाज पत्र्याचा येतो. लोकर आणि छिद्रांच्या पाइपामध्ये स्टेनलेसच्या बारीक काथ्याचा एक थर गुंडाळून घ्या. तो लोकर धरून ठेवतो.

कलम_आणि_क्लच
कायद्याचं मी लिहितो, कारण शहरात यावर कारवाई जोरात असते, आणि पोलिसाला क्लासिक गाडी आणि फटाके फोडणारी बुलेट यांतला फरक ऐकूनच करावा लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे, आणि त्याने आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. सरळ पाइप आणि ‘कट-आउट’ झडप (सायलेन्सर टाळून धूर सोडणारी) विसरून जा. सडलेल्या सायलेन्सरच्या जागी तितकाच शांत दुसरा सायलेन्सर लावणं ही दुरुस्ती आहे, आणि तुम्ही तेच करताय.

व्हिंटेजचं: जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नोंदणीत ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही घरच्यांना घेऊन फिरता, तेव्हा घाई करू नका. मात्र मूळ मॅनिफोल्ड जपणं, मूळ पाइपाची वाट आणि टेल पाइपची जागा तीच ठेवणं हे पुढच्या दृष्टीने शहाणपणाचं. जुना सायलेन्सर सडका असला तरी भंगारात देऊ नका, नमुना म्हणून ठेवा. कामाआधीचे फोटो काढा.

पीयूसीला तुमच्या काळातल्या चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. सांध्यांतून गळती असेल तर बाहेरची हवा आत मिसळते आणि वाचन खोटं येतं.

काटोल_रोड
कलमवाले भाऊ, हे बेस सांगितलं. आमच्याकडे पोट्टे बुलेटचे सायलेन्सर काढून हिंडतात, मंग पोलिस रोड रोलर फिरवते त्याच्यावर. क्लासिक गाडीवाल्याईनं त्या भानगडीत पडूच नये.

घाट_रोडचा_पोरगा
माझे वडील गॅरेजवाले, तेव्हा एक नागपुरी मुद्दा टाकतो: उष्णता. मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की ॲम्बॅसडर सिग्नलला बंद पडते आणि लोक इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळतात. या गाडीत कार्बोरेटर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसतो. पेट्रोल नळीतच उकळतं, आणि पंप वाफ ओढत बसतो. एक्झॉस्टचं काम काढलंच आहे तर ही संधी सोडू नका.

कार्बोरेटर आणि इनटेक यांच्यामध्ये जाड फायबरचा स्पेसर असतो. तो कुणीतरी कधीतरी काढून पातळ गॅस्केट टाकलेलं बऱ्याच गाड्यांत सापडतं. आधी तो आहे का पाहा. मग मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल करा, दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळेल अशी. पेट्रोलची नळी डाउन पाइपच्या (मॅनिफोल्डमधून खाली उतरणाऱ्या पाइपाच्या) अंगाला लागून जात असेल तर दूर वळवा. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुने रबरी होज लवकर फुगतात, तेही बदलून घ्या, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे गाडी गेली.

ते पांढरं कापड गुंडाळतात नं हेडरला, हीट रॅप, ते बिडाच्या मॅनिफोल्डवर नको. बीड आतल्या आत जास्त तापतं आणि तडकतं. एमएस पाइपावर गुंडाळलं तर पावसाळ्यात ओल धरून ठेवतं आणि पाइप दोन वर्षांत खातं.

ओल आतूनही येते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तितकंच पाणी तयार होतं. धरमपेठ ते बर्डी एवढ्याच छोट्या फेऱ्या मारल्या तर सायलेन्सर कधी पुरता तापत नाही, पाणी आत साचतं आणि खालच्या शिवणीवरून सडायला सुरुवात होते. तुमचा तसाच गेला असणार. नव्या सायलेन्सरला सगळ्यांत खालच्या जागी, मागच्या टोकाला, तीन एमएमचं भोक पाडून ठेवा. आवाजात फरक पडत नाही, आयुष्य वाढतं. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी कोराडीपर्यंत पळवून आणा.

नट पितळेचे वापरा, मॅनिफोल्डवरही आणि डाउन पाइपवरही. लोखंडी नट स्टडवर चिकटतो, पुढच्या खेपेला स्टड तुटून हेडमध्ये राहतो.

अंबाझरीकर
सगळं वाचून काम ठरवलं: बिडाचा मॅनिफोल्ड तसाच, पावणेदोन इंची १६ गेज एमएस पाइप, पुढे कप्प्यांचा सायलेन्सर, मागे छोटा सरळ. स्टेनलेसचा मोह होता, पण खऱ्या ३०४ ची खात्री होईना, आणि एमएसचं वेल्डिंग उद्या कुठल्याही गावात दुरुस्त होईल. कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलावं लागेल का?

ओव्हरहेड_व्हॉल्व्ह
बहुधा नाही, पण तपासल्याशिवाय सोडू नका. वाट मोकळी झाली की थोडी जास्त हवा येते आणि मिश्रण पातळ होऊ शकतं. नवे प्लग लावा, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये अर्ध्याहून जास्त रेस देऊन दोन-तीन किलोमीटर चालवा, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि बाजूला घेऊन प्लग काढा. चिनीमातीच्या अगदी मुळाशी रंग पाहायचा. फिकट तपकिरी चालेल. पांढराफटक आणि कडेला चमकदार कण दिसले तर मेन जेट एक पायरी मोठं.

हे टाळू नका असं म्हणतोय त्याला कारण आहे. देशात फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधलं शिसं गेलं. त्या शिशावरच आपल्या बिडाच्या हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट टिकत होत्या. कडक सीट बसवलेल्या नसतील आणि वर मिश्रण पातळ असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून सीटमध्ये खचत जातो, टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागामधली) फट कमी होते आणि एक दिवस व्हॉल्व्ह बसतच नाही. दर सर्व्हिसला टॅपेट मोजताना एक्झॉस्टची फट सारखी कमी भरत असेल तर तेच चाललंय असं समजा.

अंबाझरीकर
काम पूर्ण झालं. सविस्तर लिहितो, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.

मॅनिफोल्ड काढला तेव्हा मधल्या पोर्टच्या कडेला गॅस्केट जळून काळी वाट पडलेली दिसली. तिथूनच गळत होतं. डाउन पाइपच्या सांध्यातही तेच. रेस सोडल्यावरची फटफट या दोन जागांची होती: बाहेरची हवा आत ओढली जायची आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटायचं. काचेवर ठेवल्यावर फ्लँज एका टोकाला उचललेली होती, तिच्याखाली फीलर गेज सहज सरकत होता. लेथवाला_हिंगणा यांनी सरफेस ग्राइंडरवर घेतली. त्याच वेळी इनटेकची फ्लँजही घेतली, म्हणजे दोघांची जाडी सारखी राहिली आणि वॉशर सपाट बसले. हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच मायक्रोमीटर लावून दाखवलं.

मूळ पाइप बाहेरून दीड इंचीच निघाला. जुना सायलेन्सर कापून पाहिला. आतले दोन पडदे सुटून एकमेकांवर आडवे पडले होते आणि पुढच्या कप्प्याचं तोंड जवळपास बंद होतं. उड्डाणपुलावर गाडी का दमत होती ते तिथे डोळ्यांनी दिसलं. पाइप कितीही मोठा टाकला असता आणि हे डबडं तसंच ठेवलं असतं तर काही फरक पडला नसता.

सळईचा नमुना गाडी चाकांवर ठेवून केला, मागच्या सीटवर सिमेंटच्या तीन गोण्या ठेवून. ॲक्सलवरचा बेंड रेती भरून वाकवला. त्या बेंडच्या आतल्या अंगाला अंगठा फिरवून पाहिला, पाइप जिथून सुरू होतो तिथल्यासारखाच गोल. एकूण तीन हँगर, तिन्ही रबराचे. गिअरबॉक्सजवळचा पहिला हँगर चॅसिसला न धरता गिअरबॉक्सलाच धरला आहे, म्हणजे इंजिन हललं तरी डाउन पाइप त्याच्याबरोबरच हलतो आणि सांध्यावर ताण येत नाही.

गाडी आता तिसऱ्यात उड्डाणपूल चढते, रेस दाबली की उचल घेते. वरच्या वेगात फार बदल नाही आणि मला तो नकोच होता. आवाजाबद्दल धंतोलीची_पद्मिनी यांचं शब्दशः खरं ठरलं. आयडलला मागे उभं राहिलं तर एकसारखा संथ खर्ज येतो. चालवताना ६० च्या वेगाला मागच्या सीटवरच्या आईशी नेहमीच्या आवाजात बोललो. घाट रोडचे मिस्त्री ऐकायला आले होते, त्यांनी पाइपाच्या तोंडाशी तळहात धरला, ठोके सारखे लागतात का पाहिलं आणि म्हणाले, ‘यही रखो.’ प्लगचा रंग ठीक, जेट बदललं नाही. पीयूसी मर्यादेत.

काटोल_रोड
वा भाऊ, जमलं. माह्या गाडीतही रेस सोडली का फटफटते. पाइप मोठा हाय म्हणून होते असं वाटे. आता डाउन पाइपचा सांधा खोलून पाहतो. ग्राफाइटची रिंग टाकू का ॲस्बेस्टॉसची दोरी?

लेथवाला_हिंगणा
ग्राफाइट. ॲस्बेस्टॉसला हात लावू नका, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. आयएसझेडच्या फ्लँजचं माप घेऊन या, रिंग आहे का पाहतो. अंबाझरीकरांची सळई माझ्याकडे भिंतीला टांगून ठेवली आहे. आणखी कुणाला बीएमसी इंजिनाच्या गाडीचा पाइप करायचा असेल तर मापं घेण्याचा अर्धा दिवस वाचेल.

ओव्हरहेड_व्हॉल्व्ह
अंबाझरीकर, एक राहिलं. नवीन गॅस्केट तापून-निवून बसते, त्यामुळे मॅनिफोल्डचे नट सैल होतात. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड असताना, मधल्यापासून बाहेरच्या बाजूला जात, सगळे नट पुन्हा एकदा आवळा. पितळी आहेत, तेव्हा पाना लहान घ्या आणि जोर बेताने लावा.

अंबाझरीकर
रविवारी सकाळी करतो, गाडी रात्रभर उभी असेल तेव्हाच.